आत घेतलेली शिवण

सायकलच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग किंमत. अंगाला काय सोसतं ते त्याला घरी गेल्यावर, बसायची पंचाईत झाली की कळतं. गादीसारखी मऊ सीट मागणाऱ्यांशी तर मी वाद घालायचंही सोडून दिलंय. माझे भावोजी मात्र त्यातले नव्हते. लांब जायचं तर सीट जरा कडकच हवी, घामाने सुती बनियन अंगाला चिकटतं, जाकीट पाठीकडून लांब असावं, हे सगळं त्यांनीच मला शिकवलं. त्यांचे कपडे ताई घरी शिवायची. माप घेताना ती त्यांना सायकलवर बसवायची आणि हँडल धरून वाकायला लावायची. उभ्याने माप घेतलं तर वाकल्यावर कंबर उघडी पडते, म्हणायची.

त्या दिवशी भावोजी दुकानात आले ते घोड्यावर बसूनच.

“मेहुणीबाई, हातमोजे काढ. रविवारी लेकीकडे निघालोय. घाटातून.”

मी बघतच राहिले. पोटाचं दुखणं निघाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत जायची परवानगी दिली होती, तीही चालत. आणि हे निघाले घाट चढायला! तिथे वाटेत ना वस्ती, ना पाणी.

“डॉक्टरांना विचारलंत?”

“त्यांचं काय घेऊन बसलीस? म्हणे वजन झपाट्याने उतरतंय. त्यांचा काटाच बिघडलाय. ही पँट बघ, दुखण्याच्या आधीची. आहे कुठे सैल?”

नव्हती. आत पॅड शिवलेली ती काळी आखूड पँट कमरेला, मांडीला जिथल्या तिथे बसली होती. मलाही हायसं वाटलं. मी त्यांना नेहमीच्या मापाचे मोजे दिले. त्यांनी ते चढवले, मूठ वळली आणि तळव्यावरचं कातडं सगळं एका बाजूला गोळा झालं.

“तुझा माल सैल पडलाय हल्ली.”

“मालकीणच सैल पडलीय,” असं म्हणून मी लहान मापाचे काढून दिले. ते खो खो हसले. मला काही हसू येईना. पँट तरी खोटं बोलत होती, नाहीतर मोजे तरी, आणि मोजे कारखान्यातून आले होते.

दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि तडक ताईचं घर गाठलं. भावोजी आतल्या खोलीत झोपले होते. ताई मशीनपाशी बसली होती. मी नुसतं “पँट” म्हटलं, तर तिने पदर डोळ्यांना लावला.

“सैल कपडे चढवले की खचायचे गं. ताटावरून उठून जायचे. म्हणून एकदा ते झोपले असताना पँट थोडी आत घेतली. सकाळी घातली आणि म्हणाले, बघ, धरतोय की नाही मी अंग! त्या दिवशी पोटभर जेवले. मग मी घेतच गेले आत. शर्ट, पायजमे, सगळंच.”

“आणि आता निघालेत घाटात! अर्ध्या चढावर कोसळले तर काय तुझी शिवण उचलणार आहे त्यांना?”

बोलले आणि जीभ चावली. मला तिचा भयंकर राग आला होता. तिच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं, म्हणून जास्तच आला होता.

रविवारी सकाळी मी ताईकडे गेले तर स्वारी तयार. हेल्मेट डोक्यावर, अंगात लांबून दिसणारं पिवळं जाकीट. चाकात हवा भरून बिचाऱ्यांना धाप लागली होती, पण ते कबूल कोण करणार! ताईने गुडघ्याचं निमित्त काढलं, उन्हाचं काढलं, शेवटी हात जोडले. भावोजी बधेनात.

“कपडे तेच, माणूस तोच. उगाच अपशकुन करू नकोस.”

ताईने जोडलेले हात खाली घेतले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “पँट काढून द्या जरा. टाका सुटलाय.”

ते आतून पायजमा घालून आले आणि पँट तिच्या हातात दिली. ताईने कात्रीचं टोक घालून एका बाजूची शिवण उसवली, मग दुसऱ्या बाजूची. आत दुमडलेलं कापड घडीमागून घडी बाहेर येत गेलं. तिने पँट पसरून त्यांच्या कमरेला लावली. दोन्हीकडून कापड बाहेर लोंबत राहिलं.

“ही तुमची पँट,” ती म्हणाली. “आधीची.”

भावोजींनी ते लोंबणारं कापड चिमटीत धरून पाहिलं.

“कापलं नाहीस?”

“कापून कसं चालेल? बरे झालात की पुन्हा सोडायचं होतं.”

मला तिथे उभं राहवेना. भावोजी चिडतील, ताईला टाकून बोलतील असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हेल्मेटचा पट्टा सोडला, सायकल भिंतीला लावली आणि सवयीने पुढचं चाक दाबून पाहिलं.

“लेकीला फोन कर. म्हणावं, बाबा येत नाहीत.”

ताईने फोन केला. पलीकडून काय विचारलं कोण जाणे, ती नुसती “हो, हो” म्हणत राहिली. भावोजी पलंगावर बसले होते, पँट हातातच. अंगातल्या जाकिटाचा पिवळा रंग त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता, आणि इतके दिवस आम्ही न बघितलेली गालाची हाडं आता आम्हा दोघींना दिसत होती.

बऱ्याच वेळाने ते उठले आणि पँट ताईच्या मांडीवर ठेवली.

“पुन्हा आत घे,” ते म्हणाले. “आणि या वेळी मला सांगू नकोस.”

ताईने सुईत दोरा ओवला. शिवून होईपर्यंत भावोजी खिडकीकडे तोंड करून बसले, आणि मी एकेक टाचणी तिच्या हातात देत राहिले.