आलोचमामांचे बावीस किलोमीटर

दुकानादुकानांतले तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करत फिरणाऱ्या या माणसाला सगळं खानदान आलोचमामा म्हणायचं. हातात वजन घेतलं की दोन ग्रॅमचा फरक तळहाताला कळायचा. एकदा म्हणे काट्यावर माशी बसली, तर माशी नर की मादी तेही त्यांनी वजनावरून सांगितलं होतं. पण हाच माणूस फोनवर अंतर सांगायला लागला की काटा गेलाच म्हणून समजा! अंगाला साबण लागलेला असायचा आणि तोंडाने चालायचं, "आलोच, कोपऱ्यावर आहे."

म्हणून घरात एक रीत पडली होती. मामा सांगतील त्याला चारने गुणायचं. दहा मिनिटं म्हणाले की चाळीस. पाच किलोमीटर म्हणाले की वीस. ही रीत त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने पाडली आणि चाळीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. मामांच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा ताईने गुणून, तेवढा आधीचाच सांगितला होता, तेव्हा कुठे नवरदेव वेळेवर उभा राहिला.

मेहुणे गेले तशी ताई मोठ्या तलावापलीकडच्या गावात दोन खोल्या घेऊन राहायला गेली. "पुढच्या रविवारी आलोच," असं मामा दोन वर्षं म्हणत राहिले. रविवार काही चारने गुणता येत नाही. आता लेक तिला समुद्रापार घेऊन चालली होती, कायमची. चारची बस, मग विमान.

त्या दिवशी मामा खरोखरच निघाले, तेही आंघोळ उरकून. शेजारी सीटवर भाच्याने ताईच्या घराची खूण घालून पाठवलेलं जीपीएस यंत्र होतं, मुठीत मावेल एवढं. भाच्याने बजावलं होतं, "मामा, दुकानात जाऊन त्यात रस्त्यांचा नकाशा घालून घ्या. नाहीतर ते नुसता बाण दाखवेल."

"नकाशा हरवणाऱ्याला लागतो," मामा म्हणाले होते. "मला बाण बस्स झाला."

तलावाअलीकडच्या चौकात, पेट्रोल पंपावर गाडी उभी असताना ताईचा फोन आला. तीनला दहा कमी होते.

"कुठे आहेस रे? खरं सांग हं."

मामांनी यंत्र उचललं. बाण नाकासमोर, आणि खाली आकडा. "पंपाच्या चौकात. बावीस किलोमीटर."

"बावीस?" ताईच्या डोक्यात गुणाकार सुरू झालेला मामांना फोनमधून ऐकू आला म्हणा ना. "हे बघ, माझी बस त्याच चौकात पाच मिनिटं थांबते, पावणेसहाला. तू तिथेच थांब. मी खाली उतरते, भेटू. चालेल की."

"पाच मिनिटांत काय भेटायचं? घरी येतो, तुझ्या हातचा चहा पितो, बसमध्ये बसवतो तुला. आणि ताई, आज गुणू नकोस. हे मी नाही बोलत, यंत्र बोलतंय. शपथ."

पलीकडे चहाचं भांडं वाजलं. मग ताई हसली. "बरं बाबा. नाही गुणत."

रस्ता झकास होता. बाण सरळ, रस्ताही सरळ. आकडा एकोणीसवर आला, सतरावर आला, मामा शीळ घालू लागले. चौदावर रस्ता संपला आणि पाणी सुरू झालं. पाणी कसलं, पार आभाळाला टेकलेलं! बाण त्या पाण्यावरून बिनदिक्कत पलीकडे बोट दाखवत होता.

काठावर एकजण नावेला डांबर फासत बसला होता. मामांनी गावाचं नाव सांगितलं तसा त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीच्या चाकांकडे.

"पोहते का ही?"

"रस्ता सांगा हो!"

"तलावाला वळसा घालायचा. तुमच्या त्या पंपापासून अठ्ठ्याऐंशी भरतात. इथून हा काठाकाठाचा कच्चा रस्ता धरा, तो पुढे मोठ्या रस्त्याला लागेल. फार काही वाचणार नाही."

बावीस चोक अठ्ठ्याऐंशी. हातातलं वजन निसटून पायावर पडावं तसं झालं मामांना. सव्वातीन वाजले होते. फोन खिशात होता. मागे फिरून पंपावर थांबता आलं असतं, तसं ताईला कळवताही आलं असतं. पण शपथ घेतलेला आकडा तासाभराच्या आत कुठल्या तोंडाने मागे घ्यायचा? दामटू गाडी, ते मनाशी म्हणाले. जन्मभर न जमलेलं आज जमेल.

वाटेत एका अरुंद पुलावर समोरून बस आली. मामांनी सभ्यपणे गाडी बाजूला घेतली, वाट दिली आणि पुन्हा दामटली.

पाचच्या सुमाराला यंत्र टुणकन वाजलं. पोचलात. दाराला कुलूप होतं आणि पायरीवर एक लाकडी खुर्ची. शेजारच्या दारात शिलाईमशीनवर बसलेल्या बाईंनी मान वर केली.

"तुम्हीच का भाऊ? फार वाट पाहिली हो. त्या खुर्चीवरच बसल्या होत्या. बसवाल्याशी भांडून तीन मिनिटं थांबवली बस. त्याला म्हणाल्या, माझा भाऊ पक्का थापाड्या आहे, पण आज खरं बोललाय, येईलच."

मामा खुर्चीत बसले. बाईंनी पाणी आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं. फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. पावणेसहाला तोच वाजला.

"पंपावर उतरलेय," ताई म्हणाली. "वाटलं, असशील इथे."

"ताई, मी..."

"पुलावर एका गाडीने वाट दिली. मी हात केला. तूच होतास ना रे?"

मामांनी हातातलं पाणी पायरीवर ठेवलं.

"आता कुठे आहेस?"

"तुझ्या दारात."

"यंत्र काय म्हणतंय?"

मामांनी पाहिलं. "शून्य."

"गुणू का चारने?"

"गुण ना, ताई."

ती हसायला लागली, आणि मध्येच थांबली. "शून्यच येतंय रे," ती म्हणाली. मागे बसचा हॉर्न वाजला, एकदा, मग दुसऱ्यांदा.