माजी मंत्र्यांचा बंदोबस्त

वडखळ नाक्यावर हवालदार कमळाकर पाटील दोन तास उभा होता. बूट पायाला चावत होते. आदल्या दिवशी अलिबागला बंदोबस्त, त्याच्या आदल्या दिवशी महाडला. तीन दिवसांत घरी धड पाठ टेकली नव्हती.

सकाळी पेणच्या ठाण्यात साहेबांनी सांगितलं होतं, "तात्यासाहेब रोह्याला सत्काराला जातायत. जीप मिळणार नाय. सगळ्या गाड्या डोलवीला लागल्यात, मंत्री येणारायत. तू त्यांच्याच गाडीत बसून जा."

तात्यासाहेब पंधरा वर्षांमागे मंत्री होते. तेव्हा त्यांच्या पुढे दोन आणि मागे चार गाड्या असत, आणि कमळाकर सगळ्यात मागच्या गाडीत धूळ खात बसलेला असे.

अखेर जुनी अँबॅसडर आली. कमळाकरने सॅल्यूट ठोकला आणि ड्रायव्हर पोपटच्या शेजारी बसला. मागे तात्यासाहेब इस्त्रीच्या धोतरात ताठ बसले होते. मांडीवर भाषणाचे कागद. नागोठणं गेलं, निडी गेली, तरी ते कागदांवरून बोट फिरवत पुटपुटतच होते.

रोह्यात सभागृहापुढे ना मांडव, ना माणूस. दाराला कुलूप. कमळाकर उतरून मागच्या बाजूला गेला. तिथे शिपाई जनू कपडे वाळत घालत होता.

"सत्कार? तो पुढं ढकलला," जनू म्हणाला. "कमिटीवाले समदे डोलवीला गेले, मंत्र्यांना हार घालायला. तात्यासाहेबांना फोन लावत व्हते, लागला नाय."

कमळाकर परत गाडीपाशी आला. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर हे कसं सांगायचं?

"साहेब, लाईट गेलीय. माईक चालत नाय. म्हणून कार्यक्रम..."

समोरच्या दुकानातला रेडिओ मोठ्याने वाजत होता. तात्यासाहेबांनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"नोकरी किती झाली, हवालदार?"

"एकोणतीस वर्षं, साहेब."

"एवढ्या वर्षांत खोटं बोलायला नाय शिकलात." ते काठी टेकत उतरले. "आता आलोच आहे तर आत जरा बसू. कंबर धरलीय."

जनूने कुलूप काढलं. रिकाम्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत तात्यासाहेब बसले आणि सवयीने कमळाकर त्यांच्या मागे उभा राहिला.

"बसा."

"ड्युटीवर हाय, साहेब."

"मला मारायला कोण येणार आता? बसा म्हणतो ना."

तो अवघडत शेजारी टेकला. जनूने चहा आणला आणि छप्पर कुठे कुठे गळतं ते सांगू लागला. तात्यासाहेब ऐकत होते. कमळाकरने कप खाली ठेवला. डोक्यावर पंखा फिरत होता...

त्याला जाग आली तेव्हा ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आत आलं होतं. टोपी जमिनीवर पडली होती. तो धडपडत उठला.

"साहेब! माफी असावी. मला उठवायचं तरी..."

"तासभर झोपलात. माझी मान अशीच पडायची स्टेजवर, तेव्हा पीए कोपर मारायचा." तात्यासाहेब भाषणाच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर छपराचा अर्ज लिहीत होते. सही करून त्यांनी तो जनूला दिला. "कलेक्टरकडे दे. ऐकतील असं नाय सांगत."

परतताना वडखळला गाड्या अडवलेल्या होत्या. कमळाकरच्याच ठाण्याचा जगन शिट्टी फुंकत पुढे आला.

"गाडी खाली घे! मंत्री येतायत!"

कमळाकर खाली उतरला. "जगन, आत तात्यासाहेब हायत. म्हातारा माणूस, सकाळपासून उपाशी हाय. सोड की."

"माझी नोकरी जाईल, कमळाकर."

"राहू द्या, हवालदार," आतून आवाज आला. "मीही लोकांना असंच उन्हात थांबवलंय."

अर्ध्या तासाने सायरन वाजवत चौदा गाड्या गेल्या. काचा बंद होत्या. तात्यासाहेबांनी धूळ लागू नये म्हणून नाकाला उपरणं लावलं.

रस्ता सुटला. कमळाकरची ड्युटी इथेच संपत होती. त्याने टाचा जुळवून सॅल्यूट केला. तात्यासाहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याचा हात धरला.

"घरी जा आता. पाय गरम पाण्यात ठेवा."

गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली. जगन घाम पुसत जवळ आला. "ठाण्यातल्या साहेबांचा निरोप हाय. उद्या सकाळी सहाला परत इथंच."

"व्हय," कमळाकर म्हणाला आणि पेणच्या एसटीची वाट बघत दगडावर बसला.