एक, तीन, चार, दोन

'वितरक' हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे खतांची पोती येतात, नाहीतर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. मी त्या जातीचा वितरक नव्हे. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीच्या इंजिनात चार नळकांडी असतात आणि प्रत्येकात इंधन पेटवण्यासाठी नेमक्या क्षणी एक ठिणगी लागते. ज्याची पाळी असेल त्याला ती पोहोचवणे, हे माझे काम. गॅरेजातले लोक मला 'डिस्ट्रिब्यूटर' म्हणतात. घाईत असले की नुसता 'डिस्टी'. मला 'वितरक' हाच शब्द मानवतो, कारण त्यात देणे आहे. मात्र माझ्या देण्याला क्रम आहे: आधी पहिले नळकांडे, मग तिसरे, मग चौथे, शेवटी दुसरे. हा क्रम ढळला, तर ठिणगी असूनही गाडी निकामी ठरते.

तर मी, रिठद येथील एका जुन्या अँबॅसिडर गाडीचा वितरक, बोलत आहे.

माझा देह धातूचा, मुठीएवढा. मधोमध फिरणारा दांडा, त्याच्या माथ्यावर एक काटा आणि वर काळी टोपी. टोपीतून पाच जाड तारा निघतात. मधली तार ठिणगी आणते, फिरणारा काटा ती पाळीपाळीने एकेका तारेच्या टोकाशी नेतो. भोवतीच्या चार ती नळकांड्यांकडे नेतात. आत दोन इवल्या पट्ट्या असत. त्यांना 'पॉइंट' म्हणत. त्यांची टोके जुळत आणि विलग होत, आणि त्या विलग होण्यातून ठिणगी जन्मास येई.

माझे पहिले धनी वाशीमचे एक वकील. ते बोलत फार आणि गाडी चालवीत थोडी. त्यांच्याकडून गाडी रिठदच्या जगदेवांनी घेतली. जगदेवांचा भाजीपाल्याचा मळा. मागच्या आसनावर वांग्यांची पोती आणि डिकीत कोथिंबिरीच्या, म्हणजे इकडच्या सांबाराच्या, जुड्या असा आमचा प्रवास सुरू झाला.

माणसांची एक सवय मला तेव्हा कळली. गाडी कुरकुरली की कोणीही प्रथम माझीच टोपी उतरवतो. दोष पेट्रोलात असो वा बॅटरीत, आगपेटीची खरखरीत बाजू माझ्या पॉइंटांवर घासली जाते आणि दाढीचे पाते घालून त्यांच्यातील फट मोजली जाते. अशा सेवेने मी हळूहळू झिजलो.

पुढे जगदेवांची दृष्टी मंदावली. तेव्हा त्यांनी मोकळ्या खळ्यावर आपल्या पत्नीला, रुख्मिणीबाईंना, गाडी शिकवली. "गिअर टाक, घाबरू नको. खळं आपलंच हाय, जिकडे जाशीन तिकडे जाय," असे ते शेजारच्या आसनावरून ओरडत. गाव हसले. पण जगदेव गेल्यावर त्याच गावाने पाहिले की बाजाराच्या दिवशी रुख्मिणीबाई पदर खोचून स्टीअरिंगच्या चाकामागे बसतात, वाशीमला जातात, आपला भाव आपण ठरवतात आणि कोणाच्याही तोंडाकडे न पाहता परत येतात.

अखेर पॉइंट पार जळाले. गाडी रस्त्यात बंद पडू लागली आणि शेवटी गोठ्याशेजारच्या छपराखाली उभी राहिली. कोंबड्या बॉनेटवर बसू लागल्या. मुलगा गोपाल याने नवी पिकअप घेतली. एके दिवशी तो भाऊसिंगला घेऊन आला. भाऊसिंगचा रिसोड रस्त्यावर ढाबा आहे.

"काकू, ढाब्यापुढे ओट्यावर ठेवतो हिले. राणीवाणी राहीन," भाऊसिंग म्हणाला. "इंजिन काढतो, त्या जागी झेंडू लावतो. लोक फोटो काढतीन."

"मले बजारात जाची गाडी पाह्यजे बाबू, फोटोत बसाची नाई," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"माय, पिकअप हाय नं! मी नेऊन देत जाईन," गोपाल म्हणाला.

"तू कवा रिकामा असतं? तुयी वाट पाह्यता पाह्यता मेथी सुकते, आन मी बी."

गोपाल ओशाळला, पण मागे हटला नाही. "बरं. येत्या बजाराच्या दिवशी भाऊसिंग ट्रॅक्टर घेऊन येईन. तवापर्यंत गाडी आपल्या पायानं फाटकाबाहेर निंगाली, तं मायं काई म्हणणं नाई. नाई निंगाली, तं मंग तुयं नाई."

"कबूल," असे उत्तर आले. पण ते रुख्मिणीबाईंचे नव्हते. ते दारात उभ्या असलेल्या सुनेचे, शुभांगीचे होते. मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर बिघडला की स्वतःच तो उघडून बसणारी ही मुलगी. तिने मोबाइलवर शोधून एक छोटी पेटी मागवली. तिच्यात चुंबकाचे एक कडे होते आणि त्या चुंबकाची चाहूल घेणारा, दोन तारांचा एक ठोकळा. पट्ट्यांची उघडझाप आता संपणार होती. चुंबक समोरून गेला की ठिणगीची आज्ञा सुटणार होती.

तिने मला सोडवले, रॉकेलने धुतले, दांड्याला तेल दिले. पॉइंट निघाले तेव्हा मला हलके वाटले आणि थोडे पोरकेही. त्यांच्या जागी ठोकळा बसला, काट्याखाली चुंबकाचे कडे बसले. मग मला इंजिनात बसवून तिने ठोकळ्याची लाल तार ठिणगी निर्माण करणाऱ्या कॉइलच्या धन टोकाला जोडली, काळी ऋण टोकाला. प्रत्येक टोक खरवडून लख्ख केले. एकही जोड उघडा ठेवला नाही.

टोपीच्या जाड तारांना तडे गेले होते. त्याही नव्या घालायच्या होत्या. पहिली तार बसली आणि घरातून कोणी ओरडले, "लाइन आली!" आमच्या भागात मळ्याची वीज ठरल्या वेळीच येते, तेव्हा हातातले काम टाकून विहिरीकडे धावावे लागते.

"आत्याबाई, बाकीच्या तुमी लावा," शुभांगी धावता धावता म्हणाली. "एक, तीन, चार, दोन!"

रुख्मिणीबाईंनी क्रम अचूक पाळला. तारेवरचा आकडा पाहून तीन, मग चार, मग दोन. पण कोणत्या बाजूने? ज्या हातांनी जन्मभर आरती ओवाळली आणि जी पावले रोज तुळशीभोवती फिरली, त्यांना एकच दिशा ठाऊक होती. त्यांनी तारा प्रदक्षिणेच्या दिशेने लावल्या. माझा काटा मात्र उलटा फिरतो. पहिल्याला आणि चौथ्याला त्यांचे मिळाले. तिसऱ्याची ठिणगी दुसऱ्याकडे गेली आणि दुसऱ्याची तिसऱ्याकडे.

शुभांगी मळ्यातून परतली तोवर रात्र झाली, गाडी सुरू करून पाहायचे राहिले. दुसऱ्या दिवशी, बाजाराच्या सकाळी, भाऊसिंगचा ट्रॅक्टर फाटकापाशी उभा राहिला. रुख्मिणीबाईंनी किल्ली फिरवली. इंजिन खोकले, थरथरले आणि कार्बोरेटरमधून असा बार उडाला की कोंबड्या छपरावर गेल्या.

"काकू, वरात निंगाली का?" भाऊसिंग हसला.

"नव्याचं जुन्याशी नाई जमत, माय," गोपाल म्हणाला. "बांध रे दोर."

शुभांगीचा चेहरा पडला. तिने पुन्हा लाल तार तपासली, काळी तपासली. "सगळं बरोबर हाय, आत्याबाई. मंग काहून?"

रुख्मिणीबाई गाडीतून उतरल्या. "दोराले हात लावू नको, भाऊसिंग. शुभांगे, किल्ली बंद हाय. तू पुढून हँडल मार. हे टोपीखाली काय करून राह्यलं, ते मले माह्या डोळ्यानं पाहू दे."

त्यांनी माझी टोपी उतरवली. शुभांगीने पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवले. रुख्मिणीबाई माझ्यावर वाकल्या, इतक्या की त्यांचा श्वास मला लागला. मी फिरलो. मला एवढेच करता येत होते.

"थांब," त्या म्हणाल्या. "आणखी एकडाव मार... अवं, हे तं उलटं फिरते!"

"हो, उलटंच फिरते ते."

"मंग सांगाचं नाई का? म्या तं देवावाणी सुलट्या फेऱ्यानं लावल्या!"

शुभांगीने कपाळाला हात लावला. "मलेच सांगाचं सुचलं नाई, आत्याबाई. लाइन आली, आन मी पळाली."

रुख्मिणीबाईंनी टोपी चढवली, दुसरी आणि तिसरी तार उपटून एकमेकींच्या जागी घट्ट बसवली आणि त्या चाकामागे जाऊन बसल्या. किल्ली फिरली. आधी एक ठिणगी, मग सलग चारही. असा नितळ आवाज या इंजिनाने कित्येक वर्षांत काढला नव्हता. गाडी ट्रॅक्टरला वळसा घालून फाटकाबाहेर पडली. गोपालने वांग्यांची पोती मागच्या आसनावर चढवली.

आता दर बाजाराला मी वाशीमला जातो. आगपेटी आणि दाढीचे पाते यांपासून माझी सुटका झाली आहे. माझी टोपी विनाकारण उतरवू नका, एवढीच माझी विनंती आहे.

मात्र रिठदात ही हकीकत सांगितली जाते ती अशी: सासूने तारा चुकवल्या, सुनेने त्या सुधारल्या आणि सासूची गाडी वाचवली. ऐकणाऱ्यांना ते गोड लागते, पण ते खरे नाही. दिशा सांगायची राहिली, ती सुनेकडून. वाकून पाहिले ते सासूने, तारा बदलल्या त्याही सासूनेच. आणि सासू वाकून पाहत होती तेव्हा सून घामाघूम होऊन, दोन्ही हातांनी हँडल मारत होती.