उभ्या गाडीचं ऑइल

जुन्या स्पोर्ट्स कार माझ्या गॅरेजात येऊच नयेत, असं मला मनापासून वाटतं. पार्ट मिळत नाहीत, मालकाला घाई असते, आणि बिघाड सांगितला की तो असं तोंड करतो, जणू बिघाड मीच केला. खालापुरात जुन्या हायवेलगत माझं गॅरेज आहे. मी तोंडावर सांगतो, गोड लागो की कडू. त्यापायी गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत.

कडावहून टेंपोवर चढवून आणलेली ती दोन सीटांची लाल गाडी पाहिली, तेव्हाच डोक्याला ताप होणार हे कळलं. टेंपोच्या ड्रायव्हरशेजारी कोंडाजीकाका बसले होते. भातशेती आणि चार म्हशी, एवढाच त्यांचा पसारा. गाडी मुलाची, नीलेशची. त्यानं बापाचं न ऐकता रस्त्याकडेची जमीन विकली, ही जुनी गाडी घेतली आणि थोड्याच दिवसांत मस्कतला नोकरीला निघून गेला. त्यालाही आता चार वर्षं झाली.

"ऑइल पिती," काका म्हणाले. "महिन्याला डबा घालतो, तरी धूर मारती. पोरगा म्हनतो, उभ्या गाडीचं ऑइल जाईल कुठं? म्हनतो, तू साईराजला चालवायला देतोस. साईराज म्हंजे माझा पुतन्या. मी नाय दिली, मिस्त्री. कोनालाच नाय दिली."

"मग तुम्ही चालवता?"

"मला कुठं येती?"

त्यांचं मागणं एकच होतं. ऑइल कुठे जातं ते मी शोधायचं आणि फोनवर नीलेशला सांगायचं. "माझं त्याला पटत नाय. तुमचं पटंल," ते म्हणाले.

गळती कुठेच नव्हती. इंजिनाखाली कोरडं ठणठणीत. प्लग काढले तर चारही काळे आणि ऑइलनं ओले. म्हणजे ऑइल आत जळत होतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजला, कमी आला. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं, तर काटा चढला. याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा काम करत नव्हत्या. पण रिंगा झिजतात त्या गाडी पळून, आणि ही पळालेलीच नव्हती. ब्रेकच्या डिस्कवर गंजाचा थर, टायर उभ्या उभ्या खालून चपटे झालेले. साईराज बिचारा हिच्यात बसलाही नसेल.

मग प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइल धरून ठेवायला तिरक्या रेघा असतात. त्या गायब होत्या. भिंत घासलेल्या ताटासारखी चकचकीत झालेली. इंजिन भार न घेता नुसतं फुरफुरत राहिलं की असं होतं. रिंगा भिंतीवर दाबल्या जात नाहीत, काजळी धरून जागच्या जागी चिकटतात, आणि ऑइल वर चढतं.

"काका, रोज चालू करता का हिला?"

"रोज. धार काढून झाली की. त्यानंच सांगितलेलं, चालू कर, नायतर बॅटरी बसंल."

"किती वेळ?"

"त्यानं धा मिन्टं सांगितलेली." काका जरा घुटमळले. "पन त्याचा फोन कधी येईल नेम नाय. कधी लगेच, कधी दोन तासांनी. तो म्हनतो, ऐकव. तवा चालू पायजे ना? म्हनून फोन येईस्तवर मी बंद करत नाय."

"आणि फोनवर काय बोलता?"

"काय बोलनार? मी फोन इंजिनपाशी धरतो. तो म्हनतो, बरं. आनि ठेवतो. जमीन विकली तवापासून गाडीबिगर दुसरं बोलनं नाय आमचं."

मला रागच आला. त्या पोराचा आला, गाडीचा आला, आणि हे सगळं आता मला सांगावं लागणार याचा सगळ्यात जास्त आला. पण सांगितलं. हे रोजचं उभ्यानं चालू ठेवणंच इंजिनाला भोवलंय. आता एक तर इंजिन उघडायचं, नाहीतर गाडी बंद ठेवायची.

काका गाडीकडे बघत राहिले. "म्हंजे मीच घालवली."

"तुम्हाला काय माहीत, काका."

"आनि आता चालू नाय करायची?"

"नाही."

"मग फोनबी नाय," ते म्हणाले.

तोंडावर सांगणारा मी. पण त्या वेळी माझी जीभ भलतीकडेच वळली. "दुसरं काही सांगू का त्याला?" मी म्हटलं. "सील गेलंय म्हणतो. ऑइल घालत राहा, रोज चालू ठेवा. वर्षभर निघेल."

त्यांनी विचार केला. मोह झाला असणार, तो चेहऱ्यावर दिसत होता. मग मान हलवली. "सील गेलं म्हनलं तर तो म्हनंल, गाडी पळवूनच गेलं. साईराजचं त्याच्या डोक्यात तसंच ऱ्हाईल. बाप खोटा बोलतो म्हनंल. नाय. खरं हाय ते सांगा."

त्यांच्याच फोनवरून मी नीलेशला सगळं सांगितलं. काका मुद्दाम लांब, नळापाशी जाऊन उभे राहिले. इंजिन उघडायचा खर्च त्यानं विचारला, मी सांगितला. "नको," तो म्हणाला. "गिऱ्हाईक मिळालं तर आहे तशी विकून टाका. बाबांना म्हणावं, आता चालू करायची गरज नाही."

"साईराजनं हिला हातही लावलेला नाही," मी म्हटलं. "तुझे वडील खरं बोलत होते."

"हां, ठीक आहे," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

काका जवळ आले. "कळलं का त्याला?"

"कळलं."

"काय म्हनला?"

मी हातातल्या पान्याकडे बघितलं. "म्हणाला, बाबांवर उगाच संशय घेतला. चुकलं माझं."

"असं म्हनला?"

"हो."

त्यांनी फोन घेतला, त्यावरचा माझ्या हाताचा काळा डाग सदऱ्यानं पुसला. "मग करील तो मला फोन. सोता बोलंल." टेंपोवाला परत निघाला होता, त्याला त्यांनी पाठवून दिलं, टेंपोच्या आवाजात फोन ऐकू येत नाही म्हणाले. स्टूल दारात ओढलं, तिथे रेंज बरी मिळते, आणि बसले.

मी आणखी दोन गाड्या हातावेगळ्या केल्या. मधे चहा मागवला, तो त्यांच्यापुढे तसाच गार झाला. अंधार पडला तसा मी हात धुतले, दिवे मालवले आणि शटरला हात घातला.

"जरा थांबा, मिस्त्री," काका म्हणाले. "त्याची ड्युटी सुटली नसंल अजून."