द्वारकाबाईंच्या जबड्यातून

घाबरू नका, आवाज द्वारकाबाईंच्या डाव्या जबड्यातून येतोय. बाई स्वतः गप्प आहेत, अंगणात केळी सोलत बसल्यात. बोलतोय मी, त्यांच्या हाडात भरलेला पांढरा दाणा. एकटा नाही, चांगले चमचाभर आहोत आम्ही, पण बाकीचे लाजतात.

माझा जन्म भट्टीतला. माणसाच्या हाडात असतं तेच कॅल्शियम, तेच फॉस्फेट घेऊन प्रयोगशाळेत मला खरपूस भाजलं. दिसायला मी जाड्या रव्यासारखा, अंगभर बारीक छिद्रं. त्या छिद्रांचा मला भारी अभिमान. हाडाने त्यांतून आत शिरायचं, वाढायचं आणि मी हळूहळू विरघळून त्याला जागा करून द्यायची, असा सगळा बेत. म्हणजे मी संपलो तर पास, उरलो तर नापास! दुसरा कुणी असता तर रडला असता. मी मात्र बाटलीत बसून माझ्या जबड्याची वाट बघत होतो.

तो निघाला वसईजवळच्या गिरीज गावातल्या द्वारकाबाईंचा. त्यातली गाठ जुलैत काढली आणि मागे राहिलेली पोकळी आम्हा दाण्यांनी भरली. हाड धरलं तर ठीक, नाहीतर एखाद्या कडक घासाने जबडा मोडायची भीती. म्हणून खायला फक्त मऊ भात नि पेज, आणि सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, एकदम बंद.

बाईंचं खरं दुखणं हे. त्यांच्यासारखी सुकेळी गावात कुणाची होत नाही. राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घालायची आणि ती झाली की नाही, हे द्वारकाबाईंनी एक दाढेखाली धरून सांगायचं. त्यांचे यजमान आत्माराम यांनी चाळीस वर्षांत हा निर्णय कधी स्वतः घेतला नव्हता.

माझ्यावर संशोधन करत होती डॉक्टर आर्या. चाळीस रुग्ण, चाळीस फायली, आमचा नंबर सतरा. ऑपरेशनआधी तिने विचारलं होतं, "मावशी, तंबाखू, गुटखा, सिगारेट, काही?"

"इश्श! आमच्या घरात कोणी शिवत पण नाही."

आत्मारामांनीही ठामपणे मान हलवली. आर्याने 'नाही' लिहिलं.

मला मात्र दुसऱ्याच आठवड्यात शंका आली. रोज सकाळी आणि दुपारी जेवणानंतर बाईंचं बोट हिरडीवर फिरायचं, आणि थोड्याच वेळात माझ्याभोवतीचं रक्त हात आखडता घ्यायचं. नवं हाड दारापर्यंत यायचं आणि परत जायचं. मी ओरडून सांगणार कुणाला?

ऑक्टोबरमध्ये एक्स-रे काढला. आर्याने तो उजेडासमोर धरला.

"हाड धरत नाहीये, मावशी. फेब्रुवारीपर्यंत बघू, नाहीतर हे सगळं खरवडून काढावं लागेल. बहुतेक मटेरियलच कमी पडलं."

मी कमी पडलो! एवढा अपमान माझा भट्टीतही झाला नव्हता.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवीतून एक छोटी डबी काढली. "थांब बाय, जरा दात घासून येते. डोकं चढलंय."

"दात? आत्ता, दुपारी?"

"मिश्री गं. लावली का बरं वाटतं."

"कशाची असते ती?"

"तंबाखूची. घरीच तव्यावर भाजते मी."

आर्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "मावशी, मी तंबाखूचं विचारलं होतं ना?"

"तो बापये खातात तो! ही दात घासायची. तीस वर्षं लावते, चोरून थोडीच?"

खोटं बोलल्या नव्हत्या हो. आत्मारामही बोलले नव्हते. आर्याला हसू येत होतं आणि रडूही. मिश्रीतल्या तंबाखूनेच रक्त कमी पोचतं आणि हाड अडतं, हे तिने समजावून सांगितलं, हात जोडले. बाईंनी "बघते" म्हटलं.

मिश्रीविना चार दिवस कसेबसे गेले. डोकं ठणकलं, पोट रुसलं, आत्माराम विनाकारण बोलणी खात होते. पाचव्या दिवशी बोट पुन्हा डबीत गेलं. मी आशा सोडली.

त्याच आठवड्यात मोसमातली पहिली सुकेळी आत्मारामांनी स्वतःच्या अंदाजाने उतरवली. नीट वाळायच्या दोन दिवस आधी. पानात बांधलेली सगळी बुरशीने पांढरी झाली. बाईंनी एकेक पुडी सोडून पाहिली. उठल्या, डबी केळीच्या बुंध्याशी उपडी केली आणि तवा भंगारात दिला. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू!

इकडे आर्याने सगळ्या रुग्णांना फोन करून एकच प्रश्न विचारला, मिश्री लावता का? नऊ बायका म्हणाल्या, "हो, पण ती तंबाखूत धरतात का?" आता तो प्रश्न तिच्या फॉर्मवर वेगळा छापलाय. डॉक्टर मंडळींनो, तुम्हीही छापा. बायाबापड्यांनो, तुम्हीही सांगा. आमच्यासारख्यांची अब्रू त्यावर असते.

परवा फेब्रुवारीचा एक्स-रे झाला. मी त्यात जेमतेम चार ठिपके. बाकी सगळीकडे हाड.

"चावा आता," आर्या म्हणाली. "हळू."

केळी सोलून झाली वाटतं. बाई उठल्या, वाळवणाच्या ताटीवरचं एक सुकेळं उचललं, डाव्या दाढेखाली धरलं. थांबा, दाब येतोय... आला. हाडाने पेलला, मला काहीच करावं लागलं नाही. आत्माराम निकालाची वाट बघत शेजारी उभे आहेत.

"अजून दोन उन्हं," द्वारकाबाई म्हणाल्या.

बरं, येतो मी.