सात थरांची गोधडी

महाळुंगे पडवळमध्ये लंकाबाईच्या गोधडीला नाव होतं. ती झटकायला दोन बाया लागत. माहेरून पातळ गोधडी आणणाऱ्या सुनेला सासरी काय काय ऐकावं लागतं, हे तिनं पाहिलेलं होतं. म्हणून सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात तिची भाची हर्षाली कॉलेजच्या मुलींबरोबर जुन्नरहून भीमाशंकरपर्यंत सहा दिवस डोंगरातून चालत जायला निघाली, तेव्हा लंकाबाईनं सगळ्यात आधी गोधडी काढली.

पाठीवरची सॅक आणि झोपायची पिशवी विकत घेणं घरात कुणाला झेपणारं नव्हतं. घरी शिवलं तरी चालेल, असं मुलींना घेऊन जाणारे कॉलेजचे सर म्हणाले होते. पण शनिवारी निघताना ते सामान तपासणार होते. भरलेली सॅक आठ किलोच्या वर गेली, तर ती मुलगी मागं राहणार. हर्षालीचे वडील गोरख मोठ्या मिनतवारीनं तयार झाले होते. पुन्हा ते हो म्हणणार नाहीत, हे आत्या-भाची दोघींनाही ठाऊक होतं.

लंकाबाईनं खताची गोणी धुऊन तिची सॅक शिवली. पट्ट्यांना जुन्या खाटेची नवार लावली, खांद्याला काचू नये म्हणून आत घोंगडीचे तुकडे घातले. सात थरांची गोधडी दुमडून दोन बाजू टाचल्या, की झाली झोपायची पिशवी. मग सगळं सामान भरून तिनं सॅक स्वतःच्याच पाठीला अडकवली आणि गावातून एक फेरी मारायला निघाली.

पारावरून सावळेरामानं हटकलं, "लंकाबाई, कितवीत नाव घातलं?"

तिनं मान वळवली नाही. वळवता येतच नव्हती. जन्मभर तिनं भारे वाहिले ते डोक्यावर. पाठीवरचं ओझं कुठं बसतं हे तिला कसं कळावं? पट्टे तिनं फार खाली लावले होते. सॅक कमरेखाली लोंबत होती आणि पावलापावलाला तिला मागं ओढत होती.

घरी परतली तर ओट्यावर भिका बसलेला. भीमाशंकरजवळच्या तळेघरचा हा माणूस दरवर्षी तांदूळ विकायला खाली यायचा आणि त्यांच्याकडं टेकून जायचा. डोंगरातली चढण आणि पाठीवरचं ओझं त्याचं रोजचं. हसू दाबत त्यानं सॅक उतरवून घेतली. पट्टे वर, मानेजवळ घ्यायला सांगितले. मग आतली गोधडी काढून त्यानं हातात तोलून पाहिली.

"ताई, गोधडी लई झ्याक हाय. पर आमच्याकडं या दिसांत दहिवर पडतं. सकाळी ही भिजून दुप्पट भरंल. मग पोरीनं चालायचं, का हिला वागवायचं?"

"मग पोर गारठू दे व्हय?"

"गारठा खालून येतो, ताई. वरून न्हाई."

खताच्या गोणीच्या आतलं प्लॅस्टिक खाली अंथरायचं, अंगात स्वेटर घालायचा, वर दोन थर पुष्कळ झाले, असं सांगून तो गेला. लंकाबाईला ते पटलं नाही. पण वाण्याच्या काट्यावर सॅक साडेदहा किलो भरली, आणि त्या दिवशी शुक्रवार होता.

हर्षाली समोर येऊन बसली. लंकाबाईनं कात्री घेतली आणि धावदोरा उसवायला सुरुवात केली. आईचं अंजिरी लुगडं निघालं. मागून जावेचं निघालं, मग तिचं स्वतःचं, लग्नातलं हिरवं. एकेक घडी घालून तिनं बाजूला ठेवली. पाच निघाल्यावर उरलेली गोधडी दारातल्या उजेडासमोर धरली, तर पलीकडची तुळस दिसत होती. लंकाबाईला लाज वाटली. तरी तिनं कडा पुन्हा टाचल्या आणि पट्टे उसवून वर घेतले.

शनिवारी कॉलेजच्या अंगणात सरांनी सॅक ताणकाट्याला लावली. साडेसात. त्यांनी नवार दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि हर्षालीच्या नावापुढं खूण केली.

मुली रांगेत उभ्या राहिल्या. लंकाबाई मागं गेली, पट्टा नीट बसलाय का पाहू लागली. बसला होता. तरी ती तो धरूनच उभी राहिली.

"आत्या," हर्षाली हळूच म्हणाली, "सोड आता."