मारोती अलीकडे आला

"शीव कुठंबी जावो, हा डोमाजी गावाच्या आतच राहीन. लिहून घ्या," असं डोमाजीनं टोकखेड्याच्या पानठेल्यावर चारचौघांत सांगितलं आणि बायकोला घेऊन गिरडच्या दर्ग्यावर गेला. बैलाचा पाय बरा झाला होता, त्याचा नवस फेडायचा होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी दोघं परत आले तेव्हा डोमाजी गावाबाहेर होता. घर जागच्या जागीच होतं, शीव तेवढी हलली होती.

टोकखेडा हे जिल्ह्याच्या पार काठावरचं गाव. तिथं एकच कायदा: शिवेचा मारोती जिथं, तिथं शीव. मारोती म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड, बैलजोडीनं ओढता येईल एवढा. ही रीत डोमाजीच्या आज्याच्या आज्यानं पाडली. तेव्हा नदीच्या इकडं भोसले, तिकडं निजाम. निजामाची माणसं वसुलीला आली की मारोती गावाच्या पश्चिमेला: "मालक, तुमची हद्द इथंच सरली." भोसल्यांची आली की मारोती पूर्वेला. दोन्हीकडचे ताक पिऊन परत. मग इंग्रज साखळी घेऊन आला. साहेब जेवायला बसला तेवढ्यात मारोती सरकला. साहेबानं पुन्हा मोजलं, पुन्हा जेवला, आणि शेवटी अपचन घेऊन गेला. पुढं राजधानी नागपूरची मुंबई झाली, त्याची खबर गावाला पुढच्या पोळ्याला लागली. आताच्या काळात दुष्काळ इकडे जाहीर झाला की गाव इकडे, विहिरी तिकडे मिळाल्या की गाव तिकडे.

एक मात्र ठरलेलं. पोळ्याआधी मारोती पश्चिमेला, गावाच्या कडेच्या डोमाजीच्या घराच्या पलीकडे परत यायचाच. कारण तोरणाखालून शिवेच्या आतलीच जोडी जाणार, बाहेरची नाही. आणि पहिली जोडी डोमाजीची, कारण मारोती त्याच्या घराण्याच्या हवाली. ओढायला मदत रूपरावची. बालपणापासून दोघं एका चिलमीचे.

आणि आता मारोती डोमाजीच्या घराच्या अलीकडे बसला होता. ताजा शेंदूर, पुढं फुटका नारळ. डोमाजी हातातली पिशवी न ठेवताच रूपरावच्या ओसरीवर गेला.

"रूपराव, मारोती कोणं हालवला?"

"मीच. बस ना, चहा घे."

"काऊन हालवला?"

"पलीकडचा जिल्हा नळ देऊन राह्यला, गड्या. शिवेवर त्याईचं एक तरी घर पाह्यजे. एक घर पलीकडे टाकलं की अख्ख्या गावाले पाणी. तूच म्हणत होता ना, गाव पह्यले."

"मंग तुह्यं घर टाकाचं होतं."

"माह्यं गावाच्या मधात आहे. मधातून शीव कशी नेऊ? कुठंतरी अक्कल लावा लागते ना." रूपरावनं चहा फुंकला. "नळ तुह्याच अंगणात येते. वैनी खूश होईन."

"अन् उद्याच्या तोरणाचं?"

रूपरावनं कप खाली ठेवला. "आता पलीकडच्या जिल्ह्याची जोडी तोरणाखालून कशी न्यायची, तूच सांग. रीत तुह्याच घरची. पहिल्या जोडीच्या माथ्यावरचं मखर माह्या जोडीले बांधाले घेतलं आहे. कोणीतरी तर पाह्यजे."

डोमाजी चहा न पिता उठला. घरी बायकोनं, देवकाबाईनं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी तं तव्हाच म्हणलं होतं, त्या माणसाले कासरा धरू देत जाऊ नका. तुमाले तो भावावानी. घ्या आता भाऊ."

"उद्या पाह्यजो," डोमाजी म्हणाला.

पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपायचं नसतं. हे डोमाजीला माहीत होतं, पण अपमानापुढं त्याला रीत दिसेना. बैल धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून झाल्यावर त्यानं हळूच मारोतीला दोर बांधला, दुसरं टोक जोडीला अडकवलं आणि तोंड पश्चिमेला करून हाकलं. पन्नास पावलं ओढलं की काम झालं असतं.

पण बैलांना झूल अंगावर पडल्यावर एकच वाट माहीत होती. इतक्या वर्षांची सवय. दोघं गर्रकन वळले आणि पूर्वेला, नाल्यापलीकडच्या आखराकडे, जिथं तोरण बांधतात तिथं, सुटले. डोमाजी मागं. मारोती गावाच्या भर रस्त्यातून घसरत चालला. बाया पूजेचं सामान घेऊन धावल्या. कोणी म्हणालं, देव पायी निघाला. रूपराव मखर हातात घेऊन दारात उभा होता, त्याच्या पायाला दगड चाटून गेला.

नाल्यात दोर तुटला. मारोती चिखलात कमरेइतका रुतला. पाच-सहा जणांनी ओढून पाहिला, हालला नाही. बैल जुंपायची आता कोणाची हिंमत नव्हती.

सगळे नाल्याच्या अलीकडे उभे राहिले. जिथं मारोती, तिथं शीव. अख्खं टोकखेडा पलीकडच्या जिल्ह्यात गेलं होतं आणि नाल्यापल्याडचं आखर तेवढं गावात राहिलं होतं.

"हे तुह्यामुळं झालं," रूपराव लंगडत म्हणाला.

"हालवला कोणं पह्यले?"

"माह्या जोडीले तरी जाऊ दे आता."

"तू बी बाहेरचाच आहे. पलीकडच्या जिल्ह्याची जोडी कशी न्यायची, सांग ना."

रूपरावनं मखर काखेत मारलं. त्याचे डोळे भरून आले होते, पायामुळं की मखरामुळं ते कळलं नाही. दिवस कलायला लागला. उन्हं जायच्या आत पहिली जोडी तोरणाखालून जाऊन पोळा फुटायला हवा होता, आणि शिवेच्या आत बांधलेली जोडी एकच होती. रूपरावचा जावई श्रावण अल्लीपूरहून बंडी घेऊन बायकोला पोचवायला आला होता. सकाळपासून त्याचे बैल आखरातल्या बाभळीला बांधलेले होते. ना रंग, ना झूल.

गावानं ती जोडी तोरणाखाली नेली. डाव्या बैलानं मान वर करून तोरणाची आंब्याची पानं खाऊन टाकली.